कानातून येणारा आवाज

"ताई, बाळाला जरा शांत ठेवा. कानातून आवाज येतोय का ते बघायचंय," तपासणी करणारी मुलगी म्हणाली. माझ्या बहिणीने विचारलं, "कानात आवाज जातोय का, असंच ना?" "आत तर मशीनच आवाज सोडणार. तो बाहेर येतोय का, ते बघायचं," असं म्हणत तिने मऊ रबरी टोक बाळाच्या कानात अलगद बसवलं. बाळ वेळेआधी जन्मलेलं, जन्मताच अतिदक्षता विभागात गेलेलं. रक्तात संसर्ग असल्याची शंका होती म्हणून जेंटामायसिन हे प्रतिजैविक दिलं होतं, आणि घरी सोडण्याआधी कान तपासायचे होते ते त्यामुळेच. खोलीतला पंखा बंद केला, दार लावून घेतलं. टिकटिक इतकी हलकी होती की बाळाच्या डोक्याजवळ कान नेला तेव्हा कुठे ती मला कळली. बाळ गाढ झोपलेलं, झोपेत ओठ तेवढे हलत होते. पडद्यावर हिरवे पट्टे एकेक करत वर चढले, मग दुसऱ्या कानाचे चढले, आणि शेवटी 'पास' अशी अक्षरं उमटली. बहिणीला तेवढं पुरलं. बाळाला छातीशी धरून ती सरळ बाहेर गेली, घरी फोन लावायला. मला मात्र ते आधीचं वाक्य काही सोडेना.

कानातून आवाज येतो?

कान म्हणजे घेणारं इंद्रिय, अशीच आपली समजूत. तोंड बोलतं आणि कान ऐकतो. कॉलेजात जीवशास्त्र शिकताना मी अंतर्कर्णाच्या आकृत्या काढल्या होत्या. शंखासारखा वळलेला कॉक्लिया, त्याला लागून तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, सगळ्याला बाण काढून नावं दिलेली. त्या आकृतीतले सगळे बाण बाहेरून आत जात होते. त्यामुळे त्या रात्री मी वाचायला बसले ती जरा अविश्वासानेच. पुढे हे वाचन लांबत गेलं आणि भलत्याच ठिकाणी, माझ्या आजोबांपाशी जाऊन पोचलं.

गोष्ट सुरू होते १९४८ मध्ये. थॉमस गोल्ड हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ युद्धकाळात रडारवर काम करून आलेला. त्याला एक साधा प्रश्न पडला. कॉक्लियाच्या आत सगळीकडे द्रव भरलेला आहे. द्रवात बुडालेली कुठलीही गोष्ट कंप पावायला लागली की लगेच थंडावते. मग कानाला दोन जवळजवळ सारख्या सुरांमधला फरक इतका नेमका कळतो कसा? त्याने मांडलं की कानात नुसतं ग्रहण होत नसणार. आत कुठेतरी ऊर्जा ओतून कंपन जिवंत ठेवलं जात असणार. आणि तसं असेल तर अधूनमधून ती ऊर्जा उतू जाऊन कानाने स्वतःच आवाज करायला हवा. त्याचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्या काळात कानाच्या अभ्यासावर गेऑर्ग फॉन बेकेशीचा दबदबा होता. त्याने मृत माणसांचे कॉक्लिया उघडून, त्यांत प्रचंड मोठे आवाज सोडून, सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्लियाच्या आतल्या पडद्यावरून सरकणारी लाट प्रत्यक्ष पाहिली होती. त्या कामासाठी त्याला १९६१ चं नोबेल मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण त्याने पाहिलेली लाट पसरट होती, जिवंत कानाच्या नेमकेपणाच्या जवळपासही जाणारी नव्हती. मेलेल्या कानात जे उरतं ते त्याने अतिशय काटेकोरपणे मोजलं. जे उरत नाही तिथेच गोल्डचं उत्तर होतं.

तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड केम्पने माणसाच्या कानात एक छोटा मायक्रोफोन बसवला, एक टिक सोडली आणि वाट पाहिली. काही मिलिसेकंदांनी कानातून प्रतिसाद परत आला. नुसता प्रतिध्वनी इतका उशिरा आला नसता, आणि बहिऱ्या कानातून तर तो येतच नव्हता. आज जगभर नवजात बाळांची जी तपासणी होते ती बरेचदा हीच. त्या हिरव्या पट्ट्यांचा अर्थ असा होता की बाळाच्या कॉक्लियातल्या बाह्य केशपेशी, म्हणजे माथ्यावर केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, जिवंत आहेत, आवाज आला की लांबी कमीजास्त करून त्याला जोर देत आहेत, आणि त्या धडपडीतला थोडासा आवाज कानाच्या पडद्यामार्गे बाहेर सांडतो आहे. या पेशी सेकंदाला हजारो वेळा आखडतात आणि लांबतात. त्यांना तसं करायला लावणारं प्रेस्टिन हे प्रथिन २००० मध्ये सापडलं. माणसाच्या एका कानात अशा सुमारे १२,००० बाह्य केशपेशी असतात आणि मेंदूकडे प्रत्यक्ष खबर पोचवणाऱ्या अंतःकेशपेशी फक्त ३,५०० च्या आसपास. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त आहेत. कानाचा सगळा कारभार पंधरा-सोळा हजार पेशींवर चालतो, हे वाचल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग मी त्या पेशीच्या जवळ गेले. म्हणजे छायाचित्रांमधून, पण त्या छायाचित्रांत तासन् तास हरवता येतं. प्रत्येक केशपेशीच्या माथ्यावर ताठ, बारीक तंतूंचा झुपका असतो. तंतू उंचीप्रमाणे रांगा करून उभे, एका बाजूला सगळ्यात बुटके आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यात उंच. १९८४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की प्रत्येक बुटक्या तंतूच्या टोकापासून शेजारच्या उंच तंतूच्या अंगापर्यंत एक अतिसूक्ष्म धागा ताणलेला आहे. हा धागा जेमतेम दीडशे नॅनोमीटर लांब. वरचा भाग कॅडहेरिन-२३ या प्रथिनाचा, खालचा प्रोटोकॅडहेरिन-१५ चा, मधे दोघांची गाठ. आवाजाने झुपका उंच बाजूला कलला की धागा ताणला जातो, आणि त्याच्या खालच्या टोकाशी असलेलं आयन चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांना ये-जा करू देणारं पेशीच्या आवरणातलं दार, ओढ बसून उघडतं. बस्स, एवढंच. हवेतलं कंपन विजेत बदलतं ते या जागी. अगदी हलका आवाज ऐकू येतो तेव्हा झुपका नॅनोमीटरभरही हललेला नसतो, अणूच्या आकाराच्या हिशेबातलं अंतर ते. आणि तरीही आपण मान वळवून विचारतो, "कोण आहे?"

जेम्स हडस्पेथ आणि डेव्हिड कोरी यांनी १९७७ मध्ये बुलफ्रॉग या बेडकाच्या अंतर्कर्णातल्या एकेका केशपेशीचा झुपका काचेच्या बारीक सळीने ढकलून पेशीतली वीज मोजली. उंच बाजूला ढकललं की व्होल्टेज एका दिशेने, उलट ढकललं की दुसऱ्या दिशेने. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मोजलेला वेग मला या सगळ्यात जास्त थक्क करतो. ढकलल्यापासून चॅनेल उघडेपर्यंत शंभराहूनही कमी मायक्रोसेकंद, आणि मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. डोळ्यात प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रियांची एक साखळी चालते, एका रेणूने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि त्यात दहा-वीस मिलिसेकंद तरी जातात. कानाला तेवढा वेळच नाही. सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा सूर ऐकायचा तर मधे निरोप्या ठेवून चालत नाही, ताण थेट चॅनेललाच बसावा लागतो. आणखी एक गोष्ट. पूर्ण शांततेतही ही चॅनेल्स सगळी मिटलेली नसतात. काही कायम उघडी असतात, कारण धागा आधीपासूनच थोडा ताणून ठेवलेला असतो. सैल धाग्याला हलकं कंपन कळलंच नसतं. त्यामुळे केशपेशीला विश्रांती अशी नसतेच. आपण झोपलेले असतानाही तिच्यात विजेचा प्रवाह वाहत असतो.

या प्रवाहात असतं पोटॅशियम. कॉलेजात चेतापेशी शिकताना डोक्यात पक्कं बसवलेलं असतं की सोडियम आत येतो, पोटॅशियम बाहेर जातो. केशपेशीच्या माथ्यावर हे उलटं होतं. तिचा झुपका ज्या द्रवात बुडालेला असतो त्यात पोटॅशियम ठासून भरलेला आणि वर तो द्रव सुमारे ८० मिलिव्होल्ट धन. पेशीचं आतलं अंग साधारण ५० मिलिव्होल्ट ऋण. एवढ्या पातळ आवरणाच्या दोन बाजूंना सुमारे १३० मिलिव्होल्टचा फरक. चॅनेल उघडायचा अवकाश की धनभारित कण आत खेचले जातात. हा फरक टिकवून धरण्याचं काम कॉक्लियाच्या बाहेरच्या भिंतीतल्या पट्ट्यातल्या पेशी करतात, रात्रंदिवस पोटॅशियम उपसून. त्यांचं काम आपल्या कधी लक्षातही येत नाही. फुरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध शिरेतून भराभर दिलं तर कधीकधी काही तास ऐकू येईनासं होतं, ते या उपशालाच खीळ बसल्यामुळे. आत आलेला पोटॅशियम केशपेशीच्या बुडातून, दुसऱ्या चॅनेल्समधून, बाहेर पडतो आणि आधारपेशींच्या हातांतून फिरत पुन्हा कामाला लागतो. या आधारपेशींना एकमेकींशी जोडणारं कनेक्सिन-२६ हे प्रथिन बिघडलेलं असणं हे जन्मजात आनुवंशिक बहिरेपणाचं जगातल्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक. चॅनेल ठीक, झुपका ठीक, पण पोटॅशियमची ये-जा बिघडली, असं बराच काळ मानलं गेलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती वाचल्यावर मी कितीतरी जणांना फोन करून सांगितली. द्रवात पोटॅशियम सोडणारं जे चॅनेल कानाच्या भिंतीत आहे, तेच हृदयातही आहे आणि प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला पुन्हा सज्ज करतं. जेर्वेल आणि लांगे-नील्सन या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये नॉर्वेतल्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं. मुलं जन्मापासून बहिरी आणि अधूनमधून शुद्ध हरपून पडणारी. त्यातली काही अशीच दगावली. त्यांच्या ईसीजीत एक अंतर वाजवीपेक्षा लांब दिसत होतं. एकाच जनुकातल्या दोषाने कानाचा द्रव आणि हृदयाचा ताल दोन्ही बिघडले होते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचा एक ईसीजी काढून घ्यावा, हे सांगायला मी डॉक्टर असण्याची गरज नाही. हे दुर्मीळ आहे, पण तो एक कागद काढायला पाच मिनिटं लागतात.

आणि आजोबा.

मी त्यांना पाहिलं ते कायम पाय थोडे फाकवून चालताना. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी त्यांना क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं महिनोन् महिने चालली आणि ते वाचले. घरात ही गोष्ट नेहमी एवढीच सांगितली जायची, शेवट गोड असलेली. पुढचं कुणी सांगायचं नाही, कारण ते रोज डोळ्यांसमोर होतं. रात्री दिवा गेला की आजोबा होते तिथेच उभे राहायचे, हात भिंतीवर टेकवून. आंघोळीला बसलेले आजोबा तोंडाला साबण लावण्याआधी एका हाताने नळ घट्ट धरायचे, मग डोळे मिटायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळेच आजोबा असं करत असतील. रस्त्यात कुणी भेटलं तर ते चालता चालता बोलत नसत. थांबत, समोरच्याकडे नीट बघत, मग बोलत. एकदा मी विचारलं, "आजोबा, बोलायचं असलं की तुम्ही नेहमी थांबता का?" "अगं, चालताना समोरचं सगळं हलतं," ते म्हणाले. "थांबलं की तुझा चेहरा नीट दिसतो." त्यांना चक्कर मात्र यायची नाही. चक्कर येते ती दोन कानांच्या खबरी एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा. त्यांचे दोन्ही कान सारखेच गप्प झाले होते.

तोलाची इंद्रियंही अंतर्कर्णातच असतात आणि त्यांच्याही केशपेशींवर तोच झुपका, तेच धागे, तसंच चॅनेल. फरक इतकाच की इथे झुपक्याला हलवतो तो आवाज नसून डोक्याची हालचाल. अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव मागे रेंगाळतो आणि झुपके कलतात. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे जेलीवर बसलेले असतात आणि ते गुरुत्वाकर्षणाने सरकतात. आपण चालतो तेव्हा डोकं पावलागणिक वरखाली होतं, तरी समोरचं जग स्थिर दिसतं, कारण कानाकडून खबर निघाल्यापासून दहा मिलिसेकंदांच्या आत डोळे उलट्या दिशेला फिरू लागलेले असतात. हा वेग साधण्यासाठी तिथे एक वेगळीच सोय आहे. काही केशपेशींना चेतातंतू पेल्यासारखा सगळीकडून कवटाळून बसलेला असतो. पेशी आणि तंतू यांच्यामधल्या अरुंद फटीत पेशीतून बाहेर पडलेला पोटॅशियम साचतो आणि तंतूला थेट जागं करतो. रासायनिक निरोप पोचायची वाट बघायची गरजच नाही. आजोबांच्या कानातून हे सगळं गेलं होतं. त्यामुळे चालताना त्यांच्यासमोरची पाटी, चेहरा, झाड, सगळं पावलागणिक उसळायचं, आणि अंधारात किंवा डोळे मिटल्यावर खाली कुठे आणि वर कुठे हे त्यांना फक्त तळपायांवरून ओळखावं लागायचं. नळ धरलेल्या त्या हाताचा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळला. तेव्हा कळला असता तर मी त्यांना अजून कितीतरी विचारलं असतं.

स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन एकाच कुळातली, अमिनोग्लायकोसाइड. पहिलं १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झला मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं. क्षयावर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. रुग्ण उठून बसायला लागले आणि लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्यातल्या काहींचा तोल जातो आहे, काहींचं ऐकणं. हे का होतं, हे कळायला पुढे अनेक दशकं लागली. या औषधांचे रेणू धनभारित असतात. रक्तातून ते कानाच्या द्रवात उतरतात आणि केशपेशीच्या माथ्यावरच्या त्याच चॅनेलपाशी येतात. हे चॅनेल इतर आयन चॅनेल्सच्या मानाने चांगलंच रुंद आहे, सव्वा नॅनोमीटरच्या आसपास. त्यातून औषधाचा रेणू मावतो. आणि पोटॅशियमला आत खेचणारा तोच १३० मिलिव्होल्टचा फरक त्यालाही आत खेचतो. २००५ मध्ये उंदराच्या बाह्य केशपेशींवर डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन वापरून केलेल्या कामात दिसलं की रेणू या दारातून आत सहज जातो, पण उलट बाहेर पडणं त्याला फार अवघड. पेशीत तो साठत जातो. औषध बंद झाल्यावरही आत राहतो.

ज्या दारातून आवाज आत येतो त्याच दारातून हे विषही येतं. मला वाटतं, बाळाच्या तपासणीपासून जे काही टोचत होतं ते हेच. कायम थोडं उघडं ठेवलेलं, हलक्यात हलक्या धक्क्याला दाद देणारं, रुंद, मागून विजेचा एवढा जोर लावलेलं. यातली एक एक गोष्ट कमी केली असती तर औषध आत शिरलं नसतं, आणि आपल्याला कुजबुज ऐकू आली नसती. जेवढी पेशी संवेदनशील तेवढी ती औषधाला लवकर बळी पडते. सगळ्यात आधी जातात त्या कॉक्लियाच्या पायथ्याच्या, अतिउंच सूर टिपणाऱ्या बाह्य केशपेशी. म्हणजे कानातून आवाज बाहेर काढणाऱ्या त्याच. आता कुठे मला ती तपासणी नीट समजली. 'पास' या अक्षरांमागे इतकंच होतं की औषध त्या दारातून गेलं असलं तरी अजून तरी पेशी मेलेल्या नाहीत. अशा बाळांना पुढेही ठरावीक काळाने पुन्हा तपासायला बोलावतात, कारण नुकसान उशिराही दिसतं. माझ्या बहिणीला हे तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं आणि तिने ते कागदावर लिहून घेतलं.

पण हे दार बनलंय कशाचं? ते चॅनेल म्हणजे नेमकं कुठलं प्रथिन, हा प्रश्न हडस्पेथ आणि कोरी यांच्या प्रयोगानंतर चाळीस वर्षं रेंगाळला. दुसऱ्या प्रथिनांची पद्धत इथे चालत नाही. पेशी मूठभर, आणि एकेका तंतूच्या टोकाशी चॅनेल्स अगदी मोजकी. वाटीभर ऊतक घेऊन त्यातून ते वेगळं काढावं, असं करताच येत नाही. वाट सापडली ती बहिऱ्या कुटुंबांमुळे. पिढ्यान् पिढ्या बहिरेपणा असलेल्या कुटुंबांनी रक्ताचे नमुने दिले, त्यातून २००२ मध्ये टीएमसी१ हे जनुक हाती लागलं. त्याच सुमारास ऐकणं हळूहळू हरवत जाणाऱ्या एका जातीच्या उंदरातही याच जनुकाचा दोष सापडला. त्या उंदराचं नाव बेथोवन ठेवलेलं होतं. २०११ मध्ये दिसलं की टीएमसी१ आणि त्याचं भावंड टीएमसी२, दोन्ही काढून टाकली की झुपका ढकलूनही पेशीत प्रवाह सुरू होत नाही. तरीही शंका उरलीच, कारण एखादं प्रथिन चॅनेलला नुसतं धरून ठेवणारंही असू शकतं. २०१८ मध्ये टीएमसी१ मधले एकेक अमिनो आम्ल बदलून, त्या जागी रसायन चिकटवून पाहिलं, आणि प्रवाह तिथेच अडला. म्हणजे पोटॅशियम जातो तो याच भिंतींच्या मधून. त्याच वर्षी हडस्पेथ, रॉबर्ट फेटिप्लेस आणि क्रिस्टीन पेटीट यांना विज्ञानातला मानाचा कावली पुरस्कार मिळाला. पेटीट यांनी बहिरेपणाची कितीतरी जनुकं शोधली आहेत, आणि मला त्यांचं काम सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्याची सुरुवात माणसांच्या घरांमधून झाली. चॅनेलची आकृती दिसायला आणखी चार वर्षं गेली. मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीतही टीएमसी-१ असतं. संशोधकांनी असे जवळपास सहा कोटी कृमी वाढवले, त्यातून चिमूटभर प्रथिन मिळवलं आणि २०२२ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. सहा कोटी. वाचताना मी तो आकडा बोटाने पुन्हा गिरवून पाहिला.

पक्ष्यांच्या केशपेशी मेल्या तर नव्या येतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी हे कळलं. आपल्या तशा येत नाहीत. ताणलेला धागा मोठ्या आवाजाने तुटला तर तो एक-दोन दिवसांत पुन्हा जोडला जाऊ शकतो, पण पेशीच मेली की शेजारच्या आधारपेशी ती जागा भरून टाकतात आणि तिथलं ऐकणं संपतं. निराश व्हायला हे पुरेसं आहे, आणि मी काही दिवस झालेही. नंतर २०२४ च्या जानेवारीतला शांघायचा निबंध वाचला. अंतःकेशपेशीत प्रवाह आला की कॅल्शियमची चॅनेल्स उघडतात आणि चेतातंतूकडे रासायनिक निरोप सुटतो. त्यासाठी लागणारं ऑटोफर्लिन हे प्रथिन काही मुलांमध्ये जन्मतःच नसतं. अशा सहा मुलांच्या कानात चांगलं जनुक सोडलं आणि त्यातल्या पाच जणांना ऐकू येऊ लागलं. या मुलांच्या केशपेशी जिवंत होत्या, फक्त मुक्या होत्या. आजोबांसारख्यांना याचा उपयोग नाही, तिथे पेशीच उरलेल्या नसतात. पण काल न होणारी गोष्ट आज झाली, यावर माझा विश्वास बसला.

नुकसान होण्याआधीच थांबवण्याची एक बाजू आहे आणि मला वाटतं तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाची प्रथिनं बनवणारी यंत्रणा जिवाणूंच्या यंत्रणेसारखी असते, आणि ही औषधं जिवाणूंच्या नेमक्या त्याच यंत्रणेवर घाव घालतात. काही माणसांत आईकडून आलेला एक अक्षराचा बदल ती आणखीच सारखी करतो, आणि अशांना जेंटामायसिनच्या एका मात्रेनेही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. मँचेस्टर आणि लिव्हरपूलमध्ये नवजात अतिदक्षता विभागांतल्या बाळांच्या गालाच्या आतून बोळा फिरवून २६ मिनिटांत हा बदल ओळखणारी तपासणी वापरून पाहिली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ७५१ बाळांमध्ये तिघांत तो सापडला आणि त्या तिघांना दुसरं औषध दिलं गेलं. संसर्ग झालेल्या बाळाला पहिली मात्रा तासाभराच्या आत द्यायची असते, त्यामुळे २६ मिनिटं हा आकडा महत्त्वाचा. ही तपासणी सगळीकडे पोचावी असं मला मनापासून वाटतं.

राहिलेल्यांसाठी मात्र औषधच बदलावं लागेल. जेंटामायसिन टाकून देण्यासारखं नाही; स्वस्त आहे, गंभीर संसर्गात जीव वाचवतं, माझ्या भाचीलाही त्यानेच तारलं असेल. २०१५ मध्ये संशोधकांनी याच कुळातल्या सिसोमायसिनमध्ये एका जागी फेरफार करून एक नवा रेणू बनवला. तो केशपेशीच्या चॅनेलमधून पूर्वीइतक्या सहज जात नाही. उंदरांमधला मूत्रमार्गाचा संसर्ग त्याने बरा केला आणि त्यांचं ऐकणं टिकलं. पण काही जिवाणूंवर त्याची धार कमी झाली. अडचण अशी की रेणूवरचा जो धनभार त्याला केशपेशीत खेचून नेतो, तोच त्याला जिवाणूच्या यंत्रणेला घट्ट चिकटवतोही. एक कमी केला की दुसरं सैल होतं. रसायनतज्ज्ञ या दोन्हींच्या मधली जागा शोधत आहेत. आता चॅनेलची आकृती हाताशी आली आहे, त्यामुळे पूर्वीसारखं नुसतं चाचपडावं लागणार नाही. असं एक औषध तयार होऊन अतिदक्षता विभागांपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील कोण जाणे, पण मी आता त्याच्या बातमीची वाट बघणाऱ्यांपैकी एक झाले आहे.